हरकत

ओरोसला फाटकावर रजिस्टर होतं.
नाव, गाव, काम, वाहन क्रमांक.
मी लिहिलं: शेवंती इब्रामपूरकर, माडबंदर,
नव्या पेठेच्या बदलाला हरकत.
शिपाई चौथा रकाना रिकामा सोडू देईना.
मग लिहिलं: चप्पल, नंबर सहा.

साहेब, मी शिवणकाम करते.
नकाशा वाचता येत नाही मला,
पण कापड कुणाच्या अंगाचं बेतलंय ते कळतं.

समुद्रानं जुना बाजार नेला त्या वर्षी
गवाणकर बाई आल्या होत्या पेठ आखायला.
त्यांचा लोखंडी टेप खाऱ्या वाऱ्यानं अडला,
तर माझा घेतला, दीड मीटरचा, पिवळा.
सुलोचना तारीला टोपलीसकट उभी केली,
मोजली कोपरापासून कोपरापर्यंत.
समोरून हमीदा सोलकर, उघडी छत्री घेऊन.
"एकमेकींना न भिजवता जाऊ देत दोघी,"
बाई म्हणाल्या, आणि गल्लीची रुंदी ठरली.
खाली दुकान, वर बिऱ्हाड,
पुढं पडवी, सगळ्यांची एका ओळीत,
उन्हात मूल चालवत न्यावं एवढी.
शिलाईत दोन बोटं सोडतो ना आम्ही,
अंग भरलं तर उसवता यावं म्हणून,
तशी सोडलेली.

आता तुम्ही ती उसवताय,
पण अंग आमचं कुठं भरलंय?
नव्या कागदावर साठ फुटी रस्ता,
मासळीच्या ओट्यांवर एकशे चाळीस गाड्यांचा तळ,
आणि एक खानावळ, म्हणे,
जिथं उतरायचंच नाही,
काचेतून घ्यायचं नि पुढं जायचं.
उतरायचं नाही, तर आलात कशाला?

गाडीवर राग नाही माझा.
भाच्याची सहा आसनी आहे, सीटा मीच शिवल्या.
नवऱ्याला न्यायला रात्री दीडला आली ती गाडीच.
पडवीला घासून उभी राहिली.
यायचंच असतं तिला जागा होते.

आमच्याकडे रस्त्यात विचारतात,
"खंय गो चल्लंस?"
घरापासून दवाखान्यापर्यंत तीनदा तरी.
त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, हयसरच.
दुसऱ्यांदा म्हटलं, बाजारात.
तिसऱ्यांदा इनास फर्नांडिस, पावाच्या भट्टीतून.
त्याला म्हटलं, गाठ दाखवूक.
त्यानं भट्टी पोरावर टाकली
आणि पिठाच्या हातांनी माझ्याबरोबर चालू लागला.
काही बोलला नाही.
काच वर करून गेले असते
तर गाठ माझी मलाच ठाऊक राहिली असती.

साहेब म्हणाले, "मग विकास नको का?"
म्हटलं, गिऱ्हाईक सांगतं, बाई जरा सैल शिवा.
शिवते की सैल.
पण पाहुण्याच्या मापाचा झगा
घरच्या पोरीला घातला, तर ती पायांत अडकून पडते.
पाहुणा तर सोमवारी परत जातो.

कारकुनानं लिहिलं: हरकत, रस्ता रुंदीकरणास.
कारण: भावनिक.
म्हटलं, खोडा ते. लिहा, माप चुकलंय.
त्यानं खोडलं नाही.
खाली बारीक अक्षरात लिहिलं,
"अर्जदाराच्या मते माप चुकले आहे."
तेवढं मिळालं.

दोन एस्ट्या बदलून आले, पुढं पायी.
मोजणीचा लाल दगड माझ्याच पायरीपुढं पुरलाय.
पोरांनी त्याचा स्टंप केलाय,
बॉल हमीदाच्या पडवीत.
दगडावर टेकले, चपलेचा अंगठा तुटला होता.
आतून हमीदा, कांदा चिरता चिरता,
"खंय गेल्लंस गो?"

सांगायला वेळ लागला.
तोवर दिवे लागले, आणि ऐकायला
आणखी चार जण थांबले.